शिट्ट्यांनी मटण मऊ होत नाही

‘मोठ्याचं मटण जातीनंच वातड. दहा शिट्ट्या घ्या, नाही शिजलं तर आणखी पाच.’ नांदेड-लातूरकडे हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की त्यामागचं कारण कुणी विचारतच नाही. महाराष्ट्रात २०१५पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी असल्यामुळे मोठ्याचं म्हणजे म्हशी-रेड्याचं मटण. ते वातड लागतं हे खरं, पण दोष जातीचा नाही. ज्या स्नायूंनी आयुष्यभर ओझं पेललं, त्यांच्यात कोलॅजन हे चिवट प्रथिन जास्त असतं आणि जनावर जितकं वयस्क, तितकं ते विरघळायला हट्टी. नळी, मांडी, खांदा हे असे भाग. साधारण सत्तर अंशांच्या पुढे हे कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. पायाचा रस्सा गार झाल्यावर थिजतो तो त्यामुळेच. अडचण अशी की त्याच उष्णतेनं मांसाचे तंतू आकसून पाणी बाहेर टाकतात. म्हणून सुरुवातीचे काही तास तुकडा उलट अधिक चिवट लागतो आणि लोक घाबरून आच वाढवतात. तो तुकडा जास्त शिजलेला नसतो, कमी शिजलेला असतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की कुकरमध्ये तासाभरात मटण मऊ होतंच की! होतं. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, कोलॅजन लवकर विरघळतं. पण तंतूही तितकेच जोरात पिळले जातात. त्यात वाफ एकदम सोडली तर मांसातलं पाणी आतल्या आत उकळून बाहेर पडतं आणि ताटात येतो तो मऊ पण कोरडा चोथा. याउलट स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, उकळीच्या जरा खालीच राहतो, त्यामुळे सात-आठ तासांत जिलेटिन तयार होऊन तंतूंमध्ये मुरतं. यात परकं काहीच नाही. १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या नांदेड-लातूरला निहारी ठाऊक आहे: रात्रभर मंद आचेवर ठेवायची, सकाळी खायची. नावातला ‘नहार’ म्हणजेच दिवस. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद केली आहे. जनावराच्या प्रत्येक भागाला वेगळी रीत लावणारं ते ज्ञान बाजूला सारून आपण सगळ्या तुकड्यांना एकच शिट्टी लावतो, याची खरी चीड येते. पाठीचा कोवळा, कोलॅजन नसल्यासारखा भाग आठ तास ठेवला तर तो भुसाच होणार. त्याला मंद आचही वाचवू शकत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. आधी परतल्यानं रस ‘आत कोंडला’ जात नाही. ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगनं १८४७मध्ये मांडली आणि अन्नविज्ञानावर लिहिणारे हॅरॉल्ड मॅकगी यांनी १९८४च्या पुस्तकात ती खोडून काढली. परतायचं ते चवीसाठी. आधी मीठ लावल्यानं मटण वातड होत नाही, उलट त्यात पाणी जास्त टिकतं. पाकिटातलं लाल पाणी रक्त नसतं, तो रंग मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनाचा. कच्ची पपई काम करते, पण वरच्या थरातच. आणि गोठलेला गोळा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नये, कारण तो जंतू वाढणाऱ्या कोमट टप्प्यात तासन्‌तास रेंगाळतो. अमेरिकेचा कृषी विभागही आधी पूर्ण वितळवायलाच सांगतो, आणि तेही शक्यतो फ्रीजमध्ये, ओट्यावर नव्हे.