सुधारित नियमपत्रातील बदल सहज कसे दिसावेत?

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील १७ अध्याय आणि कल्प व सिद्धी ही दोन स्थाने आपण पूर्ण केली, असे दृढबलाने ग्रंथातच नमूद केले आहे. परंतु ते १७ अध्याय नेमके कोणते, याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. कारण निरनिराळ्या पाठपरंपरांत अध्यायक्रम भिन्न आहे. भर कोणी घातली हे कळते, कोठे घातली हे निश्चित कळत नाही. आपल्या व्यवसायातील नियमपत्रांचीही हीच अडचण आहे.

शासकीय दुरुस्ती-अधिसूचनेत केवळ ‘अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द’ एवढेच असते. मूळ नियम शेजारी ठेवल्याशिवाय अर्थबोध होत नाही. याउलट औषधनिर्माणशाळेची कार्यपद्धती किंवा माल परत घेण्याचे नियम ‘सुधारित’ म्हणून संपूर्ण छापले जातात. त्यात नवे काय, हे शोधावे लागते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम १७० हे बोलके उदाहरण होय. जाहिरातीपूर्वी राज्य परवाना प्राधिकाऱ्याकडून ओळख क्रमांक घेण्याचे बंधन घालणारा हा नियम डिसेंबर २०१८ मध्ये समाविष्ट झाला. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळला गेला. २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेस स्थगिती दिली आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी प्रकरण निकाली निघून स्थगिती संपली. संग्रहातून हा नियम निमूटपणे पुसून टाकल्यास वाचकास यातले काहीच उमगणार नाही. तसेच नियम वगळला म्हणजे जाहिरातीस मोकळे रान मिळाले असेही नव्हे. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ कायम आहे. म्हणून ‘वगळला’ या शब्दापुढे दिनांक हवा आणि संबंधित कायद्याचा निर्देशही हवा.

संसदेच्या संयुक्त समितीकडून आलेल्या विधेयकात नवा मजकूर अधोरेखित करून आणि गाळलेल्या जागी तारांकने देऊन बदल दर्शविण्याची प्रथा आहे. त्याच धर्तीवर पुढील पथ्ये पाळावीत :

१. पहिल्याच पानावर बदलांचा तक्ता द्यावा : कलम, पूर्वीचा मजकूर, नवा मजकूर, कारण, अंमलाचा दिनांक.

२. बदललेल्या ओळींच्या समासात उभी रेघ ओढावी. केवळ रंगावर विसंबू नये. छायाप्रतीत रंग नाहीसा होतो.

३. वगळलेल्या कलमाचा क्रमांक दुसऱ्यास देऊ नये. तेथे ‘वगळले’ असे दिनांकासह लिहावे. अन्यथा जुन्या पत्रांतील सर्व संदर्भ चुकतात.

४. शुद्धलेखनाची दुरुस्ती आणि आशयातील बदल वेगळे दाखवावेत. मात्रा, एकक व दशांशचिन्ह यांतील कोणताही बदल आशयाचाच समजावा.

५. प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक असावा. जुनी प्रत ‘रद्द’ असा शिक्का मारून जपावी. मागील घाणाची चौकशी निघाल्यास तीच आधार ठरते.

आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत पंढरपुरातील औषधालयांत हंगामी मदतनीस असतात. त्यांनी प्रत्येक सुधारित पत्रक आरंभापासून वाचावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. तक्ता मात्र ते दोन मिनिटांत वाचतात. आवर्तकी द्रव्याची मात्रा बदलली आणि ते ध्यानात आले नाही, तर त्याचा परिणाम रुग्णास भोगावा लागतो. सबब बदल शोधण्याचे ओझे वाचकावर न टाकता तो दाखविण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याने स्वीकारावी, ही सभासदांना नम्र विनंती.