गाडीसाठी गॅरेज बांधताय? आधी परवानगीचा कागद हातात घ्या

घरात गाडी आली की पावसाळ्याआधी अंगणात तीन भिंती, शटर आणि वर पत्रा टाकायचं ठरतं. गवंडी म्हणतो, "गॅरेजला कसली परवानगी? सगळेच बांधतात." आम्ही म्हणतो, भाऊ, इथेच थांबा!

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार स्वतःच्या जागेतलं बांधकामही परवानगीशिवाय करता येत नाही. शहरात कलम ४४ प्रमाणे महापालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे अर्ज करावा लागतो. सोबत मालकीची कागदपत्रं आणि आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरने काढलेला नकाशा लागतो.

नकाशात दोन गोष्टी बघा. एका मोटारीसाठी साधारण २.५ बाय ५ मीटर जागा धरतात. दुसरं म्हणजे सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा. रस्त्याकडच्या या मोकळ्या जागेत बांधलेलं गॅरेज हमखास अडकतं. नेमकं अंतर प्लॉट आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणे बदलतं. मुंबईची नियमावली तर वेगळीच आहे.

पुढे त्याच गॅरेजात मुलाला दुकान टाकून द्यायचं असेल, तर वापर बदलण्याचीही परवानगी लागते. आणि घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. हा गैरसमज आपल्या मोहल्ल्यांत फार आहे.

आता नोटीस आलीच तर? घाबरू नका, पण कपाटातही ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडकामाबाबत स्पष्ट निर्देश दिले आहेत. आधी कारणे दाखवा नोटीस हवी. उत्तरासाठी नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस किंवा स्थानिक कायद्यातली मुदत, यांपैकी जी नंतर संपेल ती मिळते. प्रत्यक्ष सुनावणी आणि कारणांसह लेखी आदेश हवा. आदेशानंतरही १५ दिवस बुलडोझर चालवता येत नाही. मात्र रस्ता, फुटपाथ यांसारख्या सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही.

म्हणून मुदतीत लेखी उत्तर द्या, त्याची पोच घ्या आणि वकिलाला भेटा. नियमात बसणारं बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्जही करता येतो. पण सुनावणीत बोलायला हातात काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे मंजूर नकाशा. गॅरेजची पहिली वीट तो कागदच समजा.