बावड्याचा ऊस आणि जिनिव्हाचा निकाल

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात छत्रपती राजाराम साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी उभी राहते, तेव्हा त्या उसाचा दर कोण ठरवतं आणि पैसे कोण देतं, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला लागत नाही. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, केंद्र सरकार जाहीर करतं, बिल कारखाना काढतो. नेमक्या याच गोष्टीवरून जिनिव्हात भारतावर खटला चालला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली की, भारत उसाला ठरलेल्या मर्यादेबाहेर आधार देतो आणि साखरेच्या निर्यातीला अनुदानही देतो. दर सरकारने ठरवला तरी पैसे कारखान्यांच्या खिशातून जातात, मग त्याला सरकारी मदत कसं म्हणायचं, हा भारताचा मुख्य युक्तिवाद होता. डिसेंबर २०२१ मध्ये लवादाने तो फेटाळला. पुढच्याच महिन्यात भारताने अपील केलं. पण अमेरिकेने सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्यामुळे अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प आहे. म्हणजे बावड्याच्या उसाचा एक दावा जिनिव्हात लोंबकळत पडला आहे आणि तो निकाली निघायचा की नाही, हे वॉशिंग्टनच्या मर्जीवर आहे. दराच्या आंदोलनात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्या जिल्ह्यात या दाव्याची पारावर चर्चा व्हायला हवी. ती घडवून आणायला जागतिक घडामोडींची अभ्यासमंडळं गावोगाव, पेठापेठांत निघाली पाहिजेत, असं माझं ठाम म्हणणं आहे.

उसाचं उदाहरण एकटं नाही. उसाला लागणाऱ्या पोटॅशसाठी भारत जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे आणि जगातल्या मोठ्या पोटॅश उत्पादकांत कॅनडाबरोबर रशिया आणि बेलारूस आहेत. त्यामुळे युक्रेनचं युद्ध खताच्या पोत्यापर्यंत पोहोचतं. जून २०२२ मध्ये केंद्राने साखरेच्या निर्यातीवर मर्यादा घातली, तेव्हा देशातले भाव आवरणं हा हेतू होता. पण त्याचा परिणाम कारखान्यांच्या उत्पन्नावर आणि जगाच्या साखरबाजारावरही झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवरचं जादा आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्यातला निम्मा भाग रशियाकडून तेल घेतल्याची शिक्षा म्हणून होता. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना तेलाच्या राजकारणाचा असा अर्थ लावत बसावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. पण देशातल्या नोंदणीचा हक्क परदेशात आपोआप चालत नाही, त्यासाठी करार करावे लागतात, हे त्या निमित्ताने अनेकांच्या लक्षात आलं. परराष्ट्र धोरण म्हणजे नेत्यांचं हस्तांदोलन नव्हे; ते आपल्या बिलात, पोत्यात आणि चपलेत असतं.

जगाकडे पाहण्याची सवय या मातीला नवी नाही. बावड्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये जन्मलेले शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले होते आणि त्याच वर्षी जुलैत त्यांच्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. कोल्हापुरात शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० मध्ये कायदेमंडळात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला गिरमिटिया मजूर पाठवणं बंद करण्याचा ठराव मांडला आणि १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. कोल्हापूरच्याच राजाराम कॉलेजचे विद्यार्थी यशवंतराव चव्हाण १९७४ ते १९७७ या काळात देशाचे परराष्ट्रमंत्री होते. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आसरा मिळाला. त्या उपकाराची आठवण वॉर्सात एका स्मारकाने जपली आहे. वाचकाच्या बाजूनेही उणीव नव्हती. अरुण साधूंचं ‘...आणि ड्रॅगन जागा झाला’, गोविंद तळवलकरांचं सोव्हिएत साम्राज्यावरचं पुस्तक यांना मराठीत वाचक मिळाला. जिज्ञासा होती आणि आहे. तिला बसायला नेहमीची जागा नाही.

व्याख्यानमाला आहेत की, असं कुणी म्हणेल. १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपासून महाराष्ट्राने ही परंपरा जपली, हे मोठंच काम आहे. पण व्याख्यानात एक बोलतो आणि पाचशे ऐकतात. ऐकणाऱ्याने काही वाचून यावं, अशी अट नसते. टीव्हीवरच्या वादात तर ऐकण्याचीही सोय नाही आणि व्हॉट्सअॅपवर मत आधी येतं, माहिती नंतर, आलीच तर. अभ्यासमंडळाचा नेम वेगळा असतो. अमेरिकेत १९१८ मध्ये स्थापन झालेली फॉरेन पॉलिसी असोसिएशन १९५४ पासून ‘ग्रेट डिसिजन्स’ नावाचा उपक्रम चालवते. वर्षासाठी मोजके विषय ठरतात, त्यांवर एक टिपणपुस्तिका निघते, वाचनालयांत आणि घराघरांत लहान गट ती वाचून बसतात आणि शेवटी आपलं मत नोंदवतात. त्यात तज्ज्ञ असावाच असं नाही; सगळ्यांनी तेच टिपण वाचलेलं असावं, एवढी अट पुरेशी आहे. साखरेच्या दाव्यावर बावड्यात अशी बैठक घेतली, तर सुरुवातीला दोन पानी टिपण फिरवावं. मग एकाने भारताची बाजू मांडावी, दुसऱ्याने ब्राझीलच्या ऊस उत्पादकाची, तीही मनापासून. सरकारने ठरवलेला दर ही मदत आहे का? निर्यात अनुदान नसेल तर जादा साखरेचं काय करायचं, इथेनॉलकडे किती वळवायची? या प्रश्नांवर कारखान्याचा निवृत्त शेतकी अधिकारी जे सांगेल, ते दिल्लीच्या टिपणात मिळणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय. त्यात बावड्याने काय करायचं? राज्यघटनेने तो केंद्राकडे सोपवला, हे खरंच आहे. पण आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार सरकार करतं. त्यांना संसदेची आधी मंजुरी लागतेच असं नाही. जिथे मतदानाने तपासणी होत नाही, तिथे जाणकार लोकमत अधिक लागतं. करार झाल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा वाटाघाटी चालू असताना खासदाराला नेमका प्रश्न विचारता आला, तर त्याचा उपयोग जास्त. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सीमेवर ताण असताना सरकारच्या धोरणावर चर्चा करणं म्हणजे देशाची बाजू लंगडी करणं, असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. लष्करी हालचाली गुप्तच राहिल्या पाहिजेत, यात वाद नाही. मात्र गुप्त काय ठेवायचं आणि उघड काय बोलायचं, यातला फरक समजणारे नागरिकच अफवेला बळी पडत नाहीत. या जिल्ह्यातल्या अनेक घरांतली मुलं सैन्यात आहेत. शेजारी देशाशी आपलं नातं कसं आहे, हे समजून घेण्याचा पहिला हक्क त्या घरांचा आहे. समोरच्या देशाची बाजू समजून घेणं म्हणजे ती मान्य करणं नव्हे; वकिलालाही प्रतिपक्षाचं म्हणणं आधी अभ्यासावं लागतं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: अशा बैठकीत शेवटी पक्षाचंच राजकारण शिरणार. ही भीती रास्त आहे आणि नुसत्या चांगुलपणाने ती जाणार नाही. म्हणून नियम लागतात. विषय वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांनी मिळून ठरवायचे, म्हणजे आजच्या गरम बातमीवर बैठक वाहवत नाही. प्रत्येक बैठकीचा संचालक बदलायचा. माणसाचं किंवा पक्षाचं नाव न घेता धोरणावर बोलायचं. ज्याची जी बाजू आहे, त्याने वर्षातून एकदा तरी उलटी बाजू मांडायची. एवढं पाळलं तर तालमीच्या कट्ट्यावर वेगवेगळ्या पक्षांची पोरं एकत्र बसतात, तशी ती इथेही बसतील.

यासाठी इमारत किंवा देणगी लागत नाही. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. उपनगरांत वाचनालयं आहेत, सेवा सोसायट्या आणि दूध संस्थांची कार्यालयं संध्याकाळी रिकामी असतात. गळीत हंगाम संपला की शेतकऱ्याला आणि ऊस वाहतूकदाराला थोडी उसंत मिळते. तेव्हा महिन्याला एक बैठक सहज जमेल. पहिला विषय साखरेचाच घ्यावा, कारण त्यात इथल्या माणसाला कमीपणा वाटणार नाही. उलट तोच इतरांना शिकवेल. दुसरा खताचा, तिसरा आयातशुल्काचा. त्या वाटेने चीन, युक्रेन, पश्चिम आशियापर्यंत जाता येतं, आणि तिथवर पोहोचलेला माणूस घोषणेवर नव्हे, हिशेबावर मत बनवतो. बावड्याने उसाच्या दरासाठी भांडायला कुणाची परवानगी मागितली नव्हती. त्या दरावर जिनिव्हात काय ठरतं, हे समजून घेण्यासाठीही ती मागायची गरज नाही.