शालेय विज्ञान प्रदर्शनाची पूर्वतयारी (बुलढाणा जिल्हा)

शालेय विज्ञान प्रदर्शनाची पूर्वतयारी म्हणजे तालुका व जिल्हा पातळीवरील विज्ञान प्रदर्शनात सहभागी होण्यासाठी शाळेच्या विज्ञान मंडळातील विद्यार्थ्यांनी केलेले काम होय. विषयाची निवड, निरीक्षणे, प्रयोग, नोंदी, प्रतिकृतीची बांधणी आणि तोंडी सादरीकरण हे या तयारीचे प्रमुख टप्पे आहेत. प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक काही मिनिटेच प्रतिकृतीसमोर थांबतात. मात्र त्या वेळेत ते प्रतिकृतीइतकेच विद्यार्थ्याचे स्वतःचे आकलन पारखतात. त्यामुळे तयारीचा खरा भाग प्रदर्शनाच्या कित्येक महिने आधी घडतो.

बुलढाणा जिल्हा महाराष्ट्राच्या अमरावती विभागात असून त्यात १३ तालुके आहेत. लोणारचे उल्का विवर, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, कापूस, सोयाबीन, तूर व हरभरा ही पिके आणि अनिश्चित पाऊस यांमुळे विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी गावाच्या परिसरातच अनेक विषय उपलब्ध होतात.

पार्श्वभूमी

मुलामुलींनी स्वतः केलेले काम सार्वजनिक प्रदर्शनात मांडावे व त्याचे परीक्षण व्हावे, ही प्रथा अनेक देशांत आहे. अमेरिकेत ए. बी. ग्रॅहॅम या शिक्षकाने १९०२ मध्ये ओहायो राज्यातील क्लार्क कौंटीत ग्रामीण मुलांचे मंडळ सुरू केले. अशा मंडळांतून पुढे ‘फोर-एच’ ही युवा चळवळ आकाराला आली. तिचे सदस्य कौंटीच्या जत्रेत स्वतः वाढवलेली जनावरे, पिके व हस्तकलेच्या वस्तू मांडतात. वर्षभराच्या कामाची नोंदवही ठेवणे हा त्या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग मानला जातो.

भारतात शालेय पातळीवर याच्याशी सर्वाधिक साम्य असलेला उपक्रम म्हणजे विज्ञान प्रदर्शन. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची (एनसीईआरटी) स्थापना १९६१ मध्ये झाली. परिषद १९७१ पासून मुलांसाठी राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन भरवत आली आहे. मधल्या काळात हे प्रदर्शन जवाहरलाल नेहरू यांच्या नावाने भरत असे. सध्या ते ‘राष्ट्रीय बाल वैज्ञानिक प्रदर्शनी’ या नावाने ओळखले जाते. डिसेंबर २०२३ मध्ये ते पुण्यातील बालेवाडी येथे भरले होते.

रचना

महाराष्ट्रात विज्ञान प्रदर्शन तालुका, जिल्हा आणि राज्य अशा चढत्या क्रमाने भरते. तालुका पातळीवर निवडल्या गेलेल्या प्रतिकृती जिल्ह्याला आणि तेथून निवडलेल्या राज्य प्रदर्शनाला जातात. विद्यार्थ्यांच्या गटांबरोबरच शिक्षकांनी तयार केलेले शैक्षणिक साहित्य आणि प्रयोगशाळा परिचरांनी बनवलेली साधने यांसाठीही स्वतंत्र गट असतात. दरवर्षी एक मुख्य विषय व काही उपविषय जाहीर होतात. आरोग्य, शेती, पर्यावरण, वाहतूक व दळणवळण, गणितीय प्रतिमाने असे उपविषय त्यांत वारंवार आढळतात.

याच्या जोडीला आणखी दोन उपक्रम आहेत. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर अवॉर्ड – मानक’ योजनेत शाळा विद्यार्थ्यांच्या कल्पना ऑनलाइन पाठवतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला प्रतिकृती तयार करण्यासाठी १०,००० रुपये दिले जातात. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षे वयाची मुले स्थानिक प्रश्नाचा अभ्यास करून त्याचा अहवाल मांडतात. यांपैकी ‘मानक’ योजनेत कल्पनेला, बाल विज्ञान परिषदेत अभ्यासाला आणि विज्ञान प्रदर्शनात प्रतिकृतीला अधिक महत्त्व असते. एकाच विषयावर नीट केलेले काम मात्र तिन्ही ठिकाणी उपयोगी पडू शकते.

परीक्षणाचे निकष

एनसीईआरटीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुणांची विभागणी साधारणपणे पुढीलप्रमाणे असते :

• विद्यार्थ्याची स्वतःची सर्जनशीलता व कल्पकता – २० टक्के
• प्रतिकृतीतील मौलिकता व नावीन्य – १५ टक्के
• वैज्ञानिक विचार, तत्त्व व दृष्टिकोन – १५ टक्के
• तांत्रिक कौशल्य व कारागिरी – १५ टक्के
• समाजासाठी व शिक्षणासाठी उपयुक्तता – १५ टक्के
• कमी खर्च, टिकाऊपणा व ने-आण करण्यातील सोय – १० टक्के
• सादरीकरण – १० टक्के

या विभागणीवरून तयारीची दिशा ठरवता येते. सर्जनशीलता, मौलिकता आणि वैज्ञानिक विचार या तीन निकषांचे मिळून ५० टक्के गुण होतात. सादरीकरणाला त्यांपैकी केवळ १० टक्के वाटा आहे. रंगीत दिवे, थर्माकोलची सजावट किंवा महागडे सुटे भाग यांनी प्रतिकृती उठून दिसते, परंतु त्यामुळे निम्म्या गुणांवर काहीही परिणाम होत नाही. उलट, कमी खर्च हा स्वतंत्र निकष असल्याने भंगारातील वस्तू, सायकलच्या ट्यूब, रिकाम्या बाटल्या यांपासून केलेले साधन लहान शाळेलाही स्पर्धेत बरोबरीचे स्थान मिळवून देते.

विषयाची निवड

चांगला विषय प्रश्नाच्या रूपात मांडता येतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर मोजमापातून मिळू शकते. ‘पाणी वाचवा’ हा संदेश आहे. ‘आच्छादन केलेल्या वाफ्यात ओलावा किती दिवस अधिक टिकतो?’ हा अभ्यासाचा विषय आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या परिसरातून पुढील प्रकारचे प्रश्न निघू शकतात :

• पाऊस : सरळ कडांच्या बाटलीपासून पर्जन्यमापक तयार करून गावातील पावसाची रोजची नोंद ठेवता येते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने शाळेच्या छतावरून किती पाणी साठवता आले असते, हे काढता येते.

• भाकिताची पडताळणी : जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी करून पीकपाण्याचे भाकीत वर्तवण्याची परंपरा आहे. असे भाकीत, तसेच हवामान खात्याचा मोसमी अंदाज, जाहीर होताच शब्दशः लिहून ठेवावा. पावसाळा संपल्यावर दोन्हींची प्रत्यक्ष नोंदींशी तुलना केली की भाकीत तपासण्याची रीत शिकता येते.

• लोणार सरोवर : बसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातील हे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे आढळले. हा परिसर अभयारण्य असल्याने तेथील पाणी, माती वा वनस्पतींचे नमुने वन विभागाच्या परवानगीशिवाय घेता येत नाहीत. अशा वेळी मिठाच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांवर वर्गात प्रयोग करणे हा सोपा पर्याय आहे.

• शेती : कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे पतंग कामगंध सापळ्यात किती येतात याची आठवडी नोंद, शेततळ्यातील बाष्पीभवन, चोपण जमिनीत पाणी मुरण्याचा वेग इत्यादी.

कालनियोजन

उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. प्रदर्शने प्रायः हिवाळ्यात भरतात. दरम्यानच्या काळात संपूर्ण खरीप हंगाम हाती असतो. पाऊस, पीक, कीड व भूजल यांच्याशी संबंधित निरीक्षणे याच काळात होऊ शकतात. जुलैमध्ये प्रश्न निश्चित करणे, ऑगस्ट ते ऑक्टोबर निरीक्षणे घेणे, दिवाळीनंतर प्रयोगाची पुनरावृत्ती व प्रतिकृतीची बांधणी आणि शेवटचे दोन आठवडे सादरीकरणाचा सराव, असा क्रम सोयीचा ठरतो. प्रदर्शनाची तारीख कळल्यावर सुरू झालेल्या तयारीत निरीक्षणांना वेळ उरत नाही. अशा वेळी तयार प्रतिकृतीची नक्कल करण्याकडे कल वाढतो.

उदाहरण : विहिरीचे पाणी आणि हरभऱ्याची उगवण

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद व नांदुरा या तालुक्यांचे काही भाग त्यात येतात. येथील भूजल खारे असल्याने विहीर असूनही पुष्कळ ठिकाणी सिंचन करता येत नाही. या परिस्थितीवरील एक प्रकल्प पुढीलप्रमाणे आखता येतो.

प्रश्न असा : गावातील विहिरींच्या पाण्यात हरभऱ्याची उगवण पावसाच्या पाण्यातील उगवणीपेक्षा कमी होते का? त्यासाठी तीन विहिरींचे पाणी घ्यावे. तुलनेसाठी पावसाळ्यात स्वच्छ भांड्यात साठवलेले पाणी वापरावे. याखेरीज त्याच पावसाच्या पाण्यात प्रतिलिटर १, २ व ४ ग्रॅम मीठ विरघळवून तीन द्रावणे करावीत. अशी एकूण सात प्रकारची पाणी होतात. प्रत्येकासाठी ओल्या कागदाच्या तीन बशा आणि प्रत्येक बशीत २० दाणे, म्हणजे २१ बशा व ४२० दाणे लागतात. दाणे एकाच वाणाचे, एकाच पोत्यातील आणि औषध न लावलेले असावेत. सर्व बशा एकाच खोलीत ठेवून सात दिवस ठरावीक वेळी मोजणी करावी. अंकुर दोन मिलिमीटर झाला की दाणा उगवला, असे आधीच ठरवून घ्यावे. ६० पैकी ५१ दाणे उगवल्यास उगवण ८५ टक्के होते.

एकाच बशीवर निष्कर्ष काढला तर एखाद्या किडक्या दाण्यामुळेही निकाल बदलू शकतो. तीन बशांच्या आकड्यांत किती फरक पडतो हे पाहिल्याने निकालावर किती विश्वास ठेवावा हे कळते.

निष्कर्षाची मर्यादा ओळखणे हाही या प्रकल्पाचा भाग आहे. पाण्यातील एकूण विरघळलेले क्षार दाखवणारे खिशातील मापक प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजते व त्यावरून अंदाज देते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात हे प्रमाण प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसल्यास २,००० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालू शकते. मात्र हे मापक कोणते क्षार आहेत, फ्लोराइड वा नायट्रेट किती आहे, हे सांगत नाही. खारपाणपट्ट्यातील मूत्रपिंडाच्या विकारांचा व पाण्याचा संबंध हा तेथील लोकांच्या चिंतेचा विषय आहे. तरीही बशीतील हरभऱ्यावरून माणसाच्या आजाराविषयी निष्कर्ष काढता येत नाही. ‘आमच्या प्रयोगातून एवढेच सिद्ध होते’ असे स्पष्टपणे सांगणारा विद्यार्थी वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या निकषावर अधिक सक्षम ठरतो.

नोंदवही

नोंदवहीत प्रत्येक निरीक्षणासमोर तारीख, वेळ व नोंद करणाऱ्याचे नाव असते. फसलेला प्रयोग, सांडलेले पाणी, बुरशी लागलेली बशी यांचीही नोंद ठेवली जाते. चुकलेला आकडा खोडरबराने न पुसता त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहितात. प्रदर्शनापूर्वी सुवाच्य अक्षरांत उतरवलेल्या प्रतीपेक्षा मूळ, डाग पडलेली वही अधिक विश्वासार्ह पुरावा असते. काम विद्यार्थ्यानेच केले आहे, हे तिच्यावरून दिसते.

प्रतिकृती, मांडणी व सुरक्षितता

प्रतिकृती एसटी बसमधून वा टेम्पोतून न मोडता नेता यावी आणि टेबलावर थोड्या वेळात जोडता यावी, अशी बांधली जाते. सुटे स्क्रू, चिकटपट्टी, जादा तारा व बॅटरी असलेली लहान पेटी सोबत ठेवतात. प्रदर्शनस्थळी वीज खंडित होण्याची शक्यता असल्याने बॅटरीवर चालणारी रचना सोयीची आणि सुरक्षितही असते. तीव्र आम्ले, पारा, उघडी ज्योत, कीटकनाशके आणि जिवंत प्राण्यांना इजा करणारे प्रयोग टाळले जातात. भित्तितक्त्यावर प्रश्न, पद्धत, आलेख व निष्कर्ष एवढाच मजकूर दुरून वाचता येईल अशा अक्षरांत लिहितात.

सादरीकरण

पाठ केलेले भाषण पहिल्याच अनपेक्षित प्रश्नाला अडखळते. म्हणून सरावात वर्गमित्र, गावातील शेतकरी आणि दुसऱ्या विषयाचे शिक्षक यांना प्रश्न विचारायला बोलावतात. ‘हाच विषय का निवडला?’, ‘हे पाणी बदलले तर काय होईल?’, ‘तुमचे उत्तर चुकीचे असल्यास ते कसे कळेल?’ हे प्रश्न परीक्षक वारंवार विचारतात. एखादे उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगून ते कसे शोधता येईल हे मांडणे योग्य मानले जाते. गटातील प्रत्येक सदस्याला संपूर्ण प्रकल्प समजावून सांगता येणे अपेक्षित असते.

मार्गदर्शकाची भूमिका

मार्गदर्शक शिक्षक व पालक साधने मिळवून देतात, धोकादायक कामांवर देखरेख ठेवतात आणि प्रश्न विचारतात. मोजमाप, जोडणी व निष्कर्ष हे विद्यार्थ्यांचे काम असते. करवत चालवणे किंवा तारा जोडणे यांत मोठ्यांची मदत झाल्यास ती नोंदवहीत स्पष्ट लिहिण्याची पद्धत उपयुक्त आहे. त्यामुळे स्वतःचे काम कोणते, हे सांगताना मुलाला संकोच वाटत नाही.

टीका

बाजारात मिळणाऱ्या तयार प्रतिकृती, आंतरजालावरील चित्रफितींची नक्कल, ज्वालामुखी किंवा पवनचक्कीसारख्या विषयांची वर्षानुवर्षे होणारी पुनरावृत्ती आणि मोठ्यांनीच केलेले काम, हे विज्ञान प्रदर्शनांवरील नेहमीचे आक्षेप आहेत. खर्चिक प्रतिकृतींमुळे साधनसंपन्न शाळांना झुकते माप मिळते, असेही म्हटले जाते. प्रयोगशाळेची कमतरता असलेल्या ग्रामीण शाळांच्या दृष्टीने हा आक्षेप गंभीर आहे. त्यावर स्थानिक प्रश्न आणि मूळ नोंदवही हा एक व्यवहार्य उपाय ठरतो, कारण खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या सात दिवसांच्या नोंदी कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. जिल्हा पातळीवर निवड होणाऱ्या प्रतिकृती थोड्याच असतात. मात्र आपल्या गावातील पाणी, माती वा पाऊस मोजण्याची सवय निवड न झालेल्या विद्यार्थ्यांकडेही राहते आणि त्यांच्या नोंदी पुढच्या वर्षीच्या विज्ञान मंडळाला तुलनेसाठी वापरता येतात.