दम लागतो म्हणून बसून राहू नका

जिना चढताना धाप लागते म्हणून आजोबा खाली उतरणे बंद करतात. मग भाजी आणणे सुटते, देवळात जाणे सुटते. घरचे प्रेमाने म्हणतात, ‘तुम्ही बसा, पाणी आम्ही आणून देतो.’ वर्षभरात अंघोळीलाही दम लागू लागतो. ‘आजार वाढला’ म्हणून त्यांना रुग्णालयात आणले जाते. तपासणीत फुप्फुसे मात्र अनेकदा गेल्या वर्षीइतकीच असतात. खंगलेले असतात ते पाय.

सीओपीडी हा श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार आहे. विडी-सिगारेट हे त्याचे मोठे कारण. पण आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, विडीला हातही न लावलेल्या बाईलाही तो होतो. अरुंद नळ्यांतून हवा पूर्ण बाहेर पडत नाही, ती छातीत अडकते. चालण्याचा वेग वाढला की आधीचा श्वास सुटण्याआधीच पुढचा घ्यावा लागतो आणि दम कोंडतो. त्या भीतीने माणूस हालचाल कमी करतो. न वापरलेले स्नायू दुबळे होतात. दुबळा स्नायू थोड्याच कामाने थकतो, त्याला जास्त हवा लागते, म्हणजे पुन्हा दम. हे चक्र तोडायला औषध पुरेसे नाही, व्यायामच लागतो.

व्यायामाने फुप्फुस पूर्ववत होत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. पण पायांचे स्नायू सुधारले की तेच काम कमी हवेत होते. फुंकण्याच्या तपासणीतला आकडा बदलत नाही, तरी माणूस बाजारापर्यंत जाऊन येतो.

अशा व्यायाम-उपचाराला फुप्फुस पुनर्वसन म्हणतात. तो सहसा रुग्णालयात, आठवड्यातून दोनदा, सहा ते आठ आठवडे दिला जातो. पण ज्याला दाराबाहेर पडतानाच धाप लागते, त्याने दोन बस बदलून यायचे कसे? मेलबर्नमध्ये १६६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने यावर उत्तर शोधले. एका गटाने आठ आठवडे केंद्रात व्यायाम केला. दुसऱ्या गटाच्या घरी फिजिओथेरपिस्ट एकदाच गेले आणि नंतर आठवड्याला एक, असे सात फोन केले. शेवटी सहा मिनिटांत चालून होणाऱ्या अंतरात घरचा गट मागे नव्हता. मात्र वर्षभरानंतर दोन्ही गटांनी मिळवलेला फायदा टिकला नव्हता. व्यायाम घरी केला तरी चालतो. सोडला तर चालत नाही.

सुरुवातीला डॉक्टरांकडून हृदय, रक्तदाब आणि चालतानाचा ऑक्सिजन तपासून घ्यावा. मग चाळीची गॅलरी, अंगण किंवा गच्ची पुरते. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा चालावे. दर आठवड्याला थोडे वाढवत सलग वीस ते तीस मिनिटांपर्यंत, आठवड्यातून पाच दिवस, हे लक्ष्य ठेवावे. मध्ये थांबायला हरकत नाही.

दुसरा व्यायाम खुर्चीचा. खुर्ची भिंतीला टेकवून, जमल्यास हातांचा आधार न घेता, पाच ते दहा वेळा उठावे-बसावे. तिसरा हातांचा. केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना दम लागतो, कारण हात वर असतात. अर्ध्या लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर न्यावेत. जोर लावताना श्वास सोडावा. खुर्चीचा आणि बाटल्यांचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. दम वाढला की नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यावा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा, ओठ आवळून, चार अंक मोजत सोडावा.

किती दम लागू द्यायचा? शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे धरले तर तीन-चारपर्यंत. छोटे वाक्य बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये. एवढ्या दमाने फुप्फुसाला इजा होत नाही; थांबल्यावर काही मिनिटांत तो ओसरतो. छातीत दुखले, चक्कर आली, ओठ निळसर झाले किंवा ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला तर लगेच थांबून डॉक्टरांना कळवावे. लगेच न ओसरणारे छातीतले दुखणे असेल तर रुग्णालयच गाठावे. ताप आला, बेडक्याचा रंग बदलला किंवा ते वाढले, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. जेवणानंतर लगेच व्यायाम नको. थंडीत पहाटे बाहेर धुके आणि धूर असेल तर घरातच चालावे. पंप आणि औषधे चालूच ठेवावीत आणि विडी सोडावीच.

राहिले घरचे लोक. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज किती मिनिटे चालणे झाले ते लिहावे आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी ते पाहावे. मुलगी परगावी असेल तर तिने फोनवर विचारावे. आणि आजोबांनी पाणी मागितले तर दम लागत नसताना एवढेच म्हणावे, ‘चला, माठापर्यंत बरोबर जाऊ.’