दोन मिनिटांचा विमानप्रवास

दोन गांवांमधील अंतर ठाऊक असलें आणि वाहनाचा वेगही ठाऊक असला, म्हणजे प्रवासास किती वेळ लागेल हें शाळेंतला मुलगाही सांगूं शकेल, असें सामान्यतः समजलें जातें. विमानाच्या बाबतींत मात्र हें त्रैराशिक फसतें. तें कसें, हें पाहावयाचें तर स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहाकडे वळावें.

तेथें वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे अशीं दोन शेजारचीं बेटें आहेत. त्यांच्या विमानतळांमधील अंतर अवघें २.७ किलोमीटर, म्हणजे पावणेदोन मैलांहूनही किंचित् कमी आहे. एडिंबरो शहराच्या विमानतळावरील मुख्य धावपट्टीच जवळजवळ एवढी लांब आहे! लोगनएअर कंपनीनें १९६७ सालीं सुरू केलेली ही सेवा जगांतील सर्वांत कमी अंतराची नियमित विमानसेवा म्हणून प्रसिद्ध आहे. वेळापत्रकांत तिला दोन मिनिटें दिलेलीं असतात. वारा अनुकूल असतां हें अंतर ५३ सेकंदांत तोडल्याचीही नोंद आहे.

आतां हिशेब करून पाहावा. या मार्गावरील आयलंडर जातीचें लहानसें दुएंजिनी विमान तासाला सुमारें २४० किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ४ किलोमीटर वेगानें जाऊं शकतें. त्या मानानें त्यास चाळीस सेकंद पुरे व्हावेत. मग दोन मिनिटें कशासाठीं?

याचें पहिलें कारण असें कीं, विमानास शून्यापासून वेग घेऊन वर चढावें लागतें आणि लगेच वेग आवरून खालीं उतरावें लागतें. एवढ्याशा वाटेंत पूर्ण वेग गांठण्यास त्यास सवडच मिळत नाहीं. दुसरें कारण वारा. पंखांना उचलून धरणारा जोर हा हवेच्या मानानें असलेल्या वेगावर अवलंबून असतो, जमिनीच्या मानानें नव्हे. म्हणून चढतांना व उतरतांना विमानाचें तोंड शक्यतों वाऱ्याकडे ठेवतात. प्रसंगीं जावयाच्या बेटाकडे पाठ करून उड्डाण करावें लागतें आणि मग वळसा घ्यावा लागतो. लांबच्या प्रवासांत हीं एक-दोन मिनिटें जाणवतही नाहींत. येथें मात्र सारा प्रवासच त्यांचा बनलेला असतो. दोन विमानतळ जितके जवळ, तितकें हें साधें गणित अधिक चुकतें.

एवढ्याशा अंतरासाठीं विमान हवेंच कशाला, अशी शंका कोणासही येईल. पापा वेस्ट्रेवर माणसांची वस्ती शंभराच्याही आंत आहे. पांच हजार वर्षांहून जुनीं दगडी घरें तेथें अद्याप उभीं असल्यानें पुराणवस्तुसंशोधकही तेथें जातात. परंतु मोठें रुग्णालय कर्कवॉल या मुख्य शहरीं आहे, आणि मध्यें उत्तरेचा खवळणारा समुद्र आहे. विमान कर्कवॉलहून निघतें. दोन मिनिटांची उडी हा त्या वाटेवरील केवळ एक टप्पा होय. शिक्षक, वैद्यकीय सेवक व रुग्ण यांस या विमानाचा आधार असतो. धुकें वा वादळ आलें तर तेंही थांबतें, आणि मग पावणेदोन मैलांचें तें अंतर फार मोठें होतें.

म्हणून बेटावरील माणूस अंतर मैलांनीं मोजीत नाहीं. आज पलीकडे पोंचतां येईल कीं नाहीं, यावरून मोजतो.