मोठ्या आतड्याची दुर्बीण-तपासणी : पूर्वतयारी आणि प्रत्यक्ष कार्यपद्धती

शौचावाटे रक्त पडू लागले की ते मूळव्याधीचेच असणार, असे बहुतेक जण गृहीत धरतात. घरगुती औषधे होतात, पथ्य होते आणि या विषयाची चारचौघांत वाच्यता नको म्हणून महिने निघून जातात. अनेकदा ते रक्त मूळव्याधीचे असतेही. परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे पहिले चिन्हही हेच असू शकते. या दोहोंतील फरक बाहेरून ओळखता येत नाही. तो ओळखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण-तपासणी, अर्थात कोलोनोस्कोपी, होय.

तपासणीची गरज कोणाला ?

आपल्या देशात शासकीय पातळीवर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या प्राथमिक तपासणीचा कार्यक्रम राबविला जातो. मोठ्या आतड्याचा त्यात समावेश नाही. त्यामुळे लक्षणांकडे वेळीच लक्ष देण्याची जबाबदारी रुग्णावर आणि त्याच्या निकटवर्तीयांवर येते. शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत कित्येक आठवडे टिकणारा बदल होणे, कारणाशिवाय वजन घटणे अथवा रक्तक्षयाचे कारण न सापडणे, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आई, वडील वा भावंडांपैकी कोणास हा कर्करोग झाला असल्यास लक्षणे नसतानाही विचारणा करावी.

हा कर्करोग बहुधा एकाएकी उद्भवत नाही. आतड्याच्या अस्तरावर प्रथम लहानसा कोंब उगवतो. त्यास पॉलिप म्हणतात. सर्वच पॉलिप घातक नसतात. परंतु काहींचे रूपांतर कर्करोगात होते आणि त्यास साधारणपणे दहा वर्षे वा अधिक काळ लागतो. या काळात पॉलिप काढून टाकला, तर पुढील संकटच टळते.

दुर्बिणीची वाटचाल

काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून वळणावळणाने प्रतिमा नेता येते, हे पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंह कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली लंडन येथील संशोधनातून दाखवून दिले. त्याच तत्त्वावर लवचीक दुर्बिणी तयार झाल्या. १९६९ साली न्यूयॉर्क येथे विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी पोट न उघडता, दुर्बिणीतून तारेचा फास टाकून मोठ्या आतड्यातील पॉलिप काढण्यास आरंभ केला. आजच्या दुर्बिणीच्या टोकाशी सूक्ष्म कॅमेरा असतो आणि डॉक्टर पडद्यावर आतड्याचे अस्तर पाहतात.

पूर्वतयारी : यशाची गुरुकिल्ली

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. त्यात मळाचा अंश शिल्लक राहिला, तर त्याआड लहान पॉलिप दडून राहतो. प्रसंगी तपासणी अर्धवट सोडून पुन्हा करावी लागते. म्हणून तपासणीचे निम्मे यश रुग्णाच्या स्वयंपाकघरात ठरते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तपासणीच्या दोन-तीन दिवस आधीपासून चोथायुक्त व बियांचे पदार्थ वर्ज्य करावेत. पालेभाज्या, कोशिंबीर, उसळी, बाजरीची वा नागलीची भाकरी, पेरू, डाळिंब, तीळ, खसखस व शेंगदाणे टाळावेत. मऊ भात, मुगाच्या डाळीचे पातळ वरण व साल काढलेला उकडलेला बटाटा चालतो. आदल्या दिवशी सामान्यतः केवळ पारदर्शक पेये घ्यावयाची असतात : वरणाचे गाळलेले पाणी, शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम वा बीट यांसारखी लाल रंगाची पेये घेऊ नयेत. आतड्यात त्यांचा रंग रक्तासारखा भासतो.

आतडे धुऊन काढण्यासाठी डॉक्टर रेचक पूड देतात. ती बहुधा दोन ते चार लिटर पाण्यात मिसळून, अर्धी आदल्या सायंकाळी व अर्धी तपासणीच्या दिवशी पहाटे, थोड्या थोड्या वेळाने पेलाभर अशी प्यावयाची असते. अखेरीस शौचावाटे फिकट पिवळसर, स्वच्छ पाणी येऊ लागले म्हणजे तयारी पूर्ण झाली असे समजावे. औषध पुरते संपण्यापूर्वीच जुलाब झाले म्हणून उरलेले टाकून देणे, ही नेहमी घडणारी चूक होय. शेवटचे किती तास पाणीही घ्यावयाचे नाही, हे डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावे.

मधुमेहाची औषधे व इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या यांविषयी डॉक्टरांना काही दिवस आधी सांगावे. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी औषधाच्या दुकानातून परस्पर रेचक घेऊ नये.

मुक्कामाचा प्रश्न

नाशिक शहरात मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या इंदिरानगरात राहणाऱ्या रुग्णास ही तयारी घरीच करता येते. शौचालय हाताशी असते आणि रुग्णालयही फार दूर नसते. सुरगाणा वा पेठ तालुक्यातील पाड्यावरच्या रुग्णाची स्थिती वेगळी असते. पहाटेचे औषध पिऊन एस.टी.ने घाटरस्त्याचा प्रवास करणे त्यास अशक्यप्राय होय. अशा रुग्णाने आदल्या दिवशी दुपारपर्यंत शहरात पोहोचून नातेवाइकाकडे, मग ते इंदिरानगरात असोत वा अन्यत्र, मुक्काम करावा. तशी सोय नसल्यास रुग्णालयात एक दिवस आधी दाखल होता येईल काय, याची तारीख घेतानाच चौकशी करावी.

प्रत्यक्ष तपासणी

रुग्णास डाव्या कुशीवर निजवून बहुधा शिरेतून गुंगीचे औषध देण्यात येते. बोटाएवढ्या जाडीची लवचीक नळी गुदद्वारातून हळूहळू पुढे सरकविली जाते व आतडे फुलविण्यासाठी हवा अथवा कार्बन डायऑक्साइड वायू सोडला जातो. त्यामुळे पोट फुगल्यासारखे वाटते. तपासणीस साधारणपणे अर्धा ते एक तास लागतो. संशयास्पद जागेचा तुकडा घेतला अथवा पॉलिप काढला, तरी अस्तरास तशी संवेदना नसल्याने वेदना होत नाहीत. तुकडा काढला म्हणजे कर्करोग झाला, असा अर्थ मुळीच नाही.

गुंगीमुळे त्या दिवशी वाहन चालवू नये व सोबत एक जाणते माणूस असावे. आतड्यास छिद्र पडणे वा मोठा रक्तस्राव होणे हे धोके क्वचितच उद्भवतात. तथापि तीव्र पोटदुखी, ताप, पोट कडक होणे वा वारंवार रक्त जाणे, असे घडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपला वाटा

गावात शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्या शब्दाला वजन असते. रक्त पडण्याची गोष्ट लाजेची नसून सांगण्याची आहे, हे त्यांनी सांगितल्यास लोक ऐकतील. तपासणीस निघालेल्या रुग्णास सूचनांचा कागद वाचून दाखविणे, सोबतीस माणूस देणे आणि मुक्कामाची सोय लावणे, एवढे साहाय्य कोणत्याही गावास करता येण्याजोगे आहे. तयारीअभावी वाया गेलेली तपासणी गरीब कुटुंबास दुसऱ्यांदा सहसा परवडत नाही.